आर्थर अलेक्झांडर, जेम्स कार आणि मंडळी : मूळ तबकडी घ्यावी की रिइश्यू?

ओहायोचा_पाऊस

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मी क्लीव्हलंडला राहतो, गेली चार वर्षं जुन्या सोल गायकांच्या ४५ च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या) तबकड्या जमवतोय, ज्यांची नावं आता फारशी कुणी घेत नाही असे गायक. सुरुवात झाली आर्थर अलेक्झांडरपासून. बीटल्सच्या पहिल्या अल्बममध्ये 'ॲना' नावाचं गाणं आहे, लेनननं गायलेलं, ते मी कॉलेजपासून ऐकत आलोय आणि ते बीटल्सचंच आहे असं धरून चाललो होतो. ते मुळात १९६२ चं, अलाबामातल्या या माणसाचं. लिहिलंही त्यानंच.

मग शोधत गेलो. १९६१ साली त्यानं 'यू बेटर मूव्ह ऑन' रेकॉर्ड केलं, रिक हॉलच्या स्टुडिओत, तंबाखूच्या जुन्या गोदामात होता तेव्हा तो स्टुडिओ. गाणं बिलबोर्डवर २४ व्या नंबरपर्यंत गेलं आणि त्या पैशातून हॉलनं मसल शोल्सला नवीन स्टुडिओ बांधला, तोच पुढे जगभर गाजलेला फेम स्टुडिओ. म्हणजे पाया या माणसाच्या गळ्यावर घातला गेला. बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि बॉब डिलन, तिघांनीही त्याची गाणी आपापल्या रेकॉर्डवर घेतली. आणि हा माणूस गाणं सोडून कुठे होता तर इथे, माझ्या गावात, क्लीव्हलंडला, एका समाजसेवी संस्थेची बस चालवत होता. १९९३ मध्ये बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. वय ५३. मी रोज ज्या रस्त्यांनी ऑफिसला जातो त्यातल्या कुठल्यातरी रस्त्यानं त्याची बस जात असणार हे डोक्यातून जातच नाही.

तर प्रश्न. गेल्या महिन्यात एका चर्चच्या तळघरात सेल होता, तिथे 'ॲना' ची मूळ डॉट लेबलची ४५ मिळाली, चार डॉलरला. स्वस्त का, तर लेबलवर निळ्या शाईनं कुणा मुलीचं नाव लिहिलंय. दुसरीकडे एक विक्रेता जेम्स कार या सोल गायकाच्या पहिल्या एलपीची १९६७ ची, गोल्डवॅक्स लेबलची मूळ प्रत द्यायला तयार आहे, पण सांगतोय ती किंमत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी आहे. तोच अल्बम नव्या प्रेसिंगमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शात मिळतो.

१) मूळ प्रतीसाठी एवढे पैसे घालावेत का? २) बनावट कशी ओळखायची? ३) ते लेबलवरचं नाव पुसता येतं का, पुसावं का?

अडाणी_श्रोता

छान लिहिलंय. पण आधी कुणीतरी मला सोल म्हणजे काय ते सांगा, जॅझ आणि ब्लूजपर्यंत माझी गाडी पोचलीय, पुढचा डबा सापडत नाहीये.

मँचेस्टरकर

व्वा, माझा धागा आला! सविस्तर रात्री लिहितो. तोपर्यंत एकच, नाव अजिबात पुसू नका.

नाट्यवेडी

@अडाणी_श्रोता, मला जमेल तसं सांगते. आपल्याकडे गणपतीत काय होतं, सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर आरत्या आणि भजनं बसवतात. अमेरिकेत काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जे गॉस्पेल गायलं जायचं त्याचं नेमकं उलट झालं. चाल देवाची ठेवली, शब्द प्रेमाचे घातले. रे चार्ल्सनं १९५४ मध्ये 'आय गॉट अ वूमन' केलं ते एका गॉस्पेल गाण्यावरून, येशूच्या जागी बाई आली. चर्चची माणसं भयंकर चिडली. सॅम कूक तर गॉस्पेलमधला मोठा स्टार होता, तो इकडे आला तेव्हा जुन्या श्रोत्यांना ते पाप वाटलं.

पण गळा चर्चमधलाच राहिला. ती हाक, ते मध्येच फुटणारं ओरडणं, एकानं म्हणायचं आणि मागच्यांनी उत्तर द्यायचं. आमच्या गावी कीर्तनात बुवा रंगले की टाळकरी जसे चाल उचलून धरतात ना, अगदी तसं. माझं सगळं आयुष्य नाट्यसंगीत ऐकण्यात गेलं, मुलाकडे अटलांटाला आले तेव्हा ओ. व्ही. राइट ऐकला आणि अंगावर काटा आला. भाषा निम्मी कळली नाही, पण समेवर यायच्या आधी तो जो श्वास घेतो तो कळला.

अडाणी_श्रोता

@नाट्यवेडी दंडवत. आता ऐकायला बसतो.

हिशेबी

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. धागाकर्ते म्हणतात अलेक्झांडरच्या गाण्याचं चीज झालं नाही, मान्य. पण जुनी प्रत हजारात विकली गेली तर त्यातला एक पैसा तरी गायकाला किंवा त्याच्या घरच्यांना जातो का? नाही. सगळा पैसा एका हौशी माणसाच्या खिशातून दुसऱ्या हौशी माणसाच्या खिशात. नीट हक्क घेऊन काढलेला रिइश्यू घेतला तर निदान रॉयल्टीची शक्यता तरी असते. ज्याला गायकाबद्दल कळवळा आहे त्यानं रिइश्यूच घ्यावा. बाकी मूळ प्रतीचं कौतुक म्हणजे जुन्या नोटा जमवण्यासारखं.

सुईदोरा

@हिशेबी अर्धं पटलं, अर्ध्यावर नंतर येतो. आधी प्रश्न २, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

बनावट ओळखायची तर लेबलकडे नंतर बघा, आधी लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जी गुळगुळीत काळी पट्टी असते तिथे बघा. तबकडी उजेडात तिरकी धरा. तिथे मॅट्रिक्स नंबर (तबकडीच्या साच्याचा नंबर) असतो, कधी ठशानं उठवलेला, कधी हातानं कोरलेला. मूळ प्रतीवर तो ठशाचा आहे हे माहीत असेल आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर वेड्यावाकड्या अक्षरात खरवडलेला असेल तर सावध. कारखान्याच्या खुणाही तिथेच सापडतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातल्या प्रतींवर छोटा त्रिकोण आणि नंबर असतो. फक्त एक लक्षात ठेवा, एकाच गाण्याच्या अस्सल प्रती दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांत निघायच्या, त्यामुळे खूण वेगळी म्हणून लगेच नकली म्हणायचं नाही, दोन्ही पडताळून बघायचं.

दुसरं म्हणजे स्टायरीन. अमेरिकेतल्या खूप ४५ विनाइलच्या नव्हत्याच, पॉलिस्टायरीनच्या होत्या, साच्यात प्लॅस्टिक ओतून काढलेल्या. स्वस्त आणि झटपट. लेबल बहुतेक वेळा वरून चिकटवलेलं. नखानं हलकं वाजवलंत तर विनाइल दबका आवाज देतं, स्टायरीन टणक वाजतं. विनाइल थोडं वाकतं, स्टायरीन वाकवू नका, तुटेल. आणि खराब सुईनं एकदा जरी वाजवलं तरी स्टायरीनची खाच सोलवटते, मग ती जी खरखर येते ती कितीही धुतली तरी जात नाही. दिसायला आरशासारखी चकचकीत प्रत, वाजवली की भजी तळल्याचा आवाज. म्हणून विक्रेत्याला नुसतं 'दिसायला कशी' विचारू नका, वाजवून ग्रेड दिलीय का विचारा. माझ्यासाठी व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस, चांगल्या स्थितीतल्या प्रतीची ग्रेड) म्हणजे वाजवून व्हीजी प्लस.

स्वतःचा अनुभव सांगतो. बार्बरा लिनची एक ४५ मागवली होती. टेक्सासची बाई, डावखुरी गिटार वाजवायची, १९६२ मधलं स्वतःचं सगळ्यात गाजलेलं गाणं तिनं स्वतः लिहिलेलं, त्या काळात हे किती दुर्मीळ बघा. विक्रेत्यानं स्टायरीनची प्रत साध्या कागदी पाकिटात, पुठ्ठा न घालता पाठवली. तीन तुकडे. पैसे परत मिळाले, पण एक प्रत जगातून कमी झाली ती झालीच. तुकडे अजून टाकवले नाहीत मला.

मँचेस्टरकर

आलो. चहा घेऊन बसलोय, लांब लिहिणार आहे.

मी इथे २००१ मध्ये आलो. हा छंद खरा जोपासला तो उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या पोरांनी, आणि तेही अशा रेकॉर्डचा ज्या अमेरिकेत आपटल्या होत्या. आमच्या मँचेस्टरला ट्विस्टेड व्हील नावाचा क्लब होता, मग स्टोकजवळ टॉर्च, ब्लॅकपूलला मेक्का आणि १९७३ च्या सप्टेंबरात विगन कॅसिनो सुरू झाला. शनिवारी रात्री जायचं, रविवारी सकाळी आठला बाहेर यायचं. दारू मिळत नसे, लोक फक्त नाचायला यायचे. जमिनीवर टाल्कम पावडर टाकायचे पाय घसरावा म्हणून, आपण कॅरमवर टाकतो तशी! १९८१ च्या डिसेंबरात बंद झालं. 'नॉर्दर्न सोल' हे नाव डेव्ह गोडिन यांनी दिलं, त्यांचं लंडनला रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तरेकडून फुटबॉलच्या सामन्यांना आलेली पोरं दुकानात नव्या फंक रेकॉर्डना हात लावत नसत, त्यांना साठच्या दशकातला तो जुना वेगवान आवाजच हवा असे. म्हणून काउंटरवरच्या माणसांच्या सोयीसाठी हा शब्द, तो पुढे चिकटला.

आता यात मेख अशी, की डीजेला दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड हवी. मग माणसं अमेरिकेला जायची, गोदामं उपसायची, न विकलेल्या ४५ चे गठ्ठे घेऊन यायची. सापडलेलं गाणं प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटं नाव सांगायचे. मला हे मनापासून आवडत नाही, आधीच ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं उरलंसुरलं नावही झाकायचं. पण त्याच माणसांनी ती गाणी वाचवली हेही तितकंच खरं. ग्लोरिया जोन्सची 'टेन्टेड लव्ह' ही साठच्या दशकाच्या मध्यात आलेली बी साइड, म्हणजे ४५ ची दुय्यम बाजू, कुणी विचारलं नाही. १९७३ मध्ये इथल्या एका डीजेला अमेरिकेत सापडली, क्लबात वाजली आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेलनं गायली ती ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर.

आणि फ्रँक विल्सन. हा मोटाउन या डेट्रॉइटच्या मोठ्या सोल कंपनीचा गीतकार-निर्माता. १९६५ मध्ये त्याचं स्वतःच्या आवाजातलं 'डू आय लव्ह यू' मोटाउनच्या सोल लेबलवर येणार होतं. अडीचशेच्या आसपास डेमो निघाल्या, मग कंपनीनं बेत रद्द केला आणि प्रती नष्ट केल्या. विल्सन पडद्यामागेच राहिला. कित्येक वर्षं जगात दोनच प्रती माहीत होत्या. सत्तरच्या दशकात हे गाणं इथे बूटलेगवर (बेकायदा काढलेल्या प्रतींवर) फिरलं तेही दुसऱ्याच गायकाच्या नावानं. २००९ मध्ये एक प्रत २५ हजार पौंडांच्या वर गेली, २०२० मध्ये एक लाख पौंडांना. एका ४५ ला! गाणं अडीच मिनिटांचं, आणि असलं आनंदी गाणं की ऐकताना पाय थांबत नाहीत.

@हिशेबी, हो, त्यातला एक पैसाही विल्सनला मिळाला नाही. पण त्या दोन प्रती कुणी जपल्या नसत्या तर तुम्ही रिइश्यू कशाचा काढणार होतात?

हिशेबी

एक लाख पौंड!! पुण्यात फ्लॅट येतो की हो तेवढ्यात.

मुद्दा कळला. पण तुम्हीच म्हणालात, लेबलवर कागद चिकटवायचे. म्हणजे जपणाऱ्याचं प्रेम गायकावर की 'माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही' यावर?

मँचेस्टरकर

दोन्हीवर. माणसं अशीच असतात. आपल्याकडे घराण्यांचे बुवा बंदिशी लपवायचेच ना, आणि त्यांच्यामुळेच त्या टिकल्या.

एडिसनची_आत्या

मी फक्त वाचायला आले होते पण राहवत नाही. हॉवर्ड टेटची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून! जेनिस जॉप्लिननं जे 'गेट इट व्हाइल यू कॅन' गायलं ते आधी याचं, १९६६ च्या सुमारासचं. काय गळा, वरच्या पट्टीत जातो तेव्हा वाटतं आता फुटणार आणि फुटत नाही. मग हा माणूस गायबच झाला. घरी मोठं दुःख झालं, व्यसनात बुडाला, त्यातून सावरला आणि धर्मोपदेशक झाला. लोकांना वाटत होतं मेला असणार. तर २००१ च्या नववर्षाच्या दिवशी इथे आमच्या न्यू जर्सीत सुपरमार्केटमध्ये एका जुन्या गायक मित्राला तो दिसला. एक रेडिओवाले त्याच्या मागावर होतेच. मग जुन्या निर्मात्याबरोबर, जेरी रॅगोव्हॉय, परत अल्बम केला, २००३ मध्ये आला. मी त्या वर्षी इकडे नवीन होते, भाजी आणायला जाताना गाडीत रेडिओवर ऐकला आणि पार्किंगमध्ये गाणं संपेपर्यंत बसून राहिले, आइस्क्रीम वितळलं. :)

हे सगळं का झालं तर चाहते त्याची जुनी तबकडी वाजवत राहिले आणि विचारत राहिले, हा माणूस गेला कुठे?

टोरंटोकर

आत्याबाई +१. आमच्याकडची गोष्ट जॅकी शेनची. नॅशव्हिलची, काळी, पारलिंगी, आणि हे सगळं साठच्या दशकात उघडपणे जगणारी. दक्षिणेत तसं जगता येईना म्हणून आधी माँट्रियल, मग टोरंटो. १९६३ मध्ये तिचं 'एनी अदर वे' इथल्या रेडिओच्या यादीत दुसऱ्या नंबरवर होतं. १९७१ नंतर नाहीशी. चाळीसहून जास्त वर्षं कुणाला पत्ता नाही. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रिइश्यू काढणाऱ्या कंपनीनं तिला शोधून काढलं, फोनवर बोलून बोलून विश्वास मिळवला आणि २०१७ मध्ये तिच्या संमतीनं, तिच्या स्वतःच्या आठवणींसकट दोन तबकड्यांचा संच काढला. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. २०१९ च्या फेब्रुवारीत गेली. म्हणजे जाण्याआधी तिला कळलं की लोक विसरले नव्हते.

तिथे मी रिइश्यूच घेतला आणि मला मूळ ४५ ची हौसही नाही. हिशेबी यांच्या बाजूनं एक मत धरा.

हिशेबी

धरलं, आभारी आहे!

सुईदोरा

आता उरलेला अर्धा मुद्दा. रिइश्यू चांगलाच, पण तो कशावरून काढलाय ते बघा. छोट्या लेबलांनी पाचशे-हजार प्रती काढायच्या, गाडीच्या डिकीत घालून रेडिओ स्टेशनं फिरायची, गाणं चाललं नाही की दुकान बंद. टेप कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, मग पूर येतो, छत गळतं. मोठ्या कंपन्यांचंही तेच, २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली त्यात किती जुन्या टेप गेल्या, चेस या शिकागोच्या जुन्या ब्लूज लेबलचं सामान होतं त्यात. मग रिइश्यू काढणारे काय करतात, कुणा संग्राहकाकडची सगळ्यात बरी ४५ शोधतात आणि तिच्यावरून उतरवून घेतात. म्हणजे तुमच्या नव्याकोऱ्या एलपीतला तो आवाज कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या तबकडीतून आलेला असू शकतो.

शिवाय ४५ चा आवाज वेगळा. ही गाणी मोनोमध्ये, ज्यूकबॉक्समधून आणि गाडीच्या छोट्या रेडिओतून ऐकू यावीत अशी जोरकस कापलेली असायची. नंतरच्या काही एलपीवर तेच गाणं स्टिरिओ म्हणून फाडून ठेवलंय, एका कानात ढोल, दुसऱ्या कानात गायक.

कोथरूडची_खिडकी

जरा अवांतर. भारतात राहून हे जमवायचं तर काय? मी चोर बाजारात मटन स्ट्रीटला पुष्कळ फिरलेय, हिंदी सिनेमाच्या ईपी आणि नाट्यगीतांच्या ७८ ढिगानं, पण सोल एकदाही नाही. एकदा इंग्लिश बॉक्समध्ये हात घातला तर पोल्का निघाला. बाहेरून मागवलं तर टपालखर्च रेकॉर्डच्या दुप्पट.

आणि हो, बीटल्सच्या ७८ गतीच्या तबकड्या आपल्याकडे डमडमच्या एचएमव्ही कारखान्यात निघत होत्या हे माहितीय का? बाकी जग ४५ वर गेलं तरी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघर होते म्हणून. आता त्या परदेशी संग्राहक शोधत येतात.

नाट्यवेडी

@कोथरूडची_खिडकी, सोल नाही मिळालं तरी नाट्यगीतांच्या ७८ दिसल्या तर सोडू नका बाई! मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, त्यांच्या ऐकण्याच्या बैठकांतून मी किती विसरलेले गळे ऐकले. तिथेही हेच, कंपनीकडे काही उरलेलं नाही, घराघरातल्या माळ्यांवरून मिळालेलं. आणि ७८ ला ती बारीक सुई लावू नका, जाड सुई वेगळी मिळते. स्पिरिटनं तर मुळीच पुसू नका, लाख विरघळते.

रात्रपाळी

हे सगळं ठीक, पण मला सांगा यातल्या बायकांना काय मिळालं? अर्मा थॉमसनं १९६४ मध्ये 'टाइम इज ऑन माय साइड' गायलं, बी साइड. स्टोन्सनं उचललं, त्यांचं हिट. मग ही स्टेजवर गायची तर लोक म्हणायचे स्टोन्सचं गाणं गाते. शेवटी तिनं कित्येक वर्षं गायचंच सोडलं. बेटी लाव्हेटनं १६ व्या वर्षी पहिलं हिट दिलं, १९७२ मध्ये मसल शोल्सला पूर्ण अल्बम गायली आणि कंपनीनं तो कपाटात ठेवून दिला. शेवटी २००० च्या आसपास एका फ्रेंच संग्राहकाच्या पाठपुराव्यानं बाहेर आला. तिथून पुढे तिला परत कामं मिळायला लागली. अठ्ठावीस वर्षं! मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते, तीन वाजता चहाच्या वेळी तिचं 'लेट मी डाउन ईझी' लावते. १९६५ चं आहे. ज्या बाईनं एवढं सोसलंय ती 'मला सोडायचं तर हळूच सोड' म्हणते तेव्हा ते नुसतं प्रेमाचं गाणं राहत नाही.

एडिसनची_आत्या

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून गाणं लावलं. काम बाजूला ठेवून बसलेय.

मँचेस्टरकर

जेम्स कारवर कुणी काहीच बोललं नाही, धागाकर्त्यांचा प्रश्न तर त्याच्यावर होता. 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट', १९६७. चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं. नंतर कितीतरी मोठमोठ्यांनी गायलं, पण ते लिहिणाऱ्या दोघांतला डॅन पेन स्वतः कारचंच धरतो. कार मनाच्या आजारानं ग्रासलेला, १९७९ मध्ये जपानच्या दौऱ्यावर स्टेजवर गोठल्यासारखा उभा राहिला. २००१ मध्ये गेला. गोल्डवॅक्स हे मेम्फिसचं छोटं लेबल, त्यावरच १९६४ मध्ये ओ. व्ही. राइटनं जे गायलं ते पुढच्याच वर्षी ओटिस रेडिंगनं गायलं आणि लोकांना ओटिसचं लक्षात राहिलं.

माझं प्रामाणिक मत, एलपी रिइश्यू घ्या. त्यातली बहुतेक गाणी आधी ४५ वर आलेली आहेत आणि गोल्डवॅक्सच्या ४५ अजून परवडतात. एक-एक करून घ्या. घाई नको.

ठाणेदार

तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं? लेबलवरचं नाव. आमच्या आजीच्या प्रत्येक पातेल्यावर, वाटीवर, अगदी चमच्यावर नाव कोरलेलं होतं, लग्नाकार्यात भांडी एकमेकांकडे जायची म्हणून. ती पातेली आता माझ्याकडे आहेत आणि कुणी ते नाव घासून काढ म्हणालं तर मी त्याला घरात घेणार नाही.

मँचेस्टरकर

@ठाणेदार एकदम बरोबर, कारण तेच आहे! पोरंपोरी पार्टीला आपापल्या ४५ घेऊन जायची, परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून लेबलवर नाव. बाजारात त्यानं किंमत उतरते, त्याला इलाज नाही. पण मला तशीच प्रत आवडते.

सुईदोरा

तांत्रिक बाजूनंही पुसू नका. शाई लेबलच्या कागदात मुरलेली असते, पुसायला गेलात की छापील अक्षरं आधी जातील. पाण्यानं धुताना लेबल झाकून धुवा.

ओहायोचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस ऑफिसातून चोरून वाचत होतो.

काय केलं ते सांगतो. जेम्स कारच्या एलपीला नाही म्हणून कळवलं, रिइश्यू मागवला, परवा येईल. हिशेबी, तुमचं म्हणणं पटलं. वाचलेल्या पैशातला एक भाग आर्थर अलेक्झांडरच्या पहिल्यावहिल्या ४५ साठी बाजूला ठेवलाय. १९६० ची, 'जड' (Judd) नावाच्या लेबलची, तिच्यावर नाव 'जून' अलेक्झांडर असं आहे. मिळेल तेव्हा मिळेल. डिलननं गायलं ते 'सॅली सू ब्राउन' याच तबकडीवर आहे.

सुईदोरा, 'ॲना' उजेडात धरून बघितली, काळ्या पट्टीतला नंबर आकडा न् आकडा नीट लागतोय, खरवडलेलं काही नाही. वाजवताना सुरुवातीला थोडी खरखर आहे, मग त्याचा आवाज येतो आणि ती ऐकू येईनाशी होते.

आणि नावाचं. ठाणेदारांचा प्रतिसाद वाचून काल रात्री त्या सेलमधून आणलेला सगळा गठ्ठा परत काढला, साठेक तबकड्या, मी तेव्हा गायकांच्या आद्याक्षरानुसार लावून टाकल्या होत्या. एकेक लेबल दिव्याखाली धरलं. तेच नाव, तीच निळी शाई, अकरा तबकड्यांवर निघालं. अर्मा थॉमस आहे, बार्बरा लिन आहे, मॅक्सीन ब्राउन आहे, गार्नेट मिम्स आहे. सगळ्या १९६० ते ६४ मधल्या. काहींवर नावापुढे नंबर घातलाय, सगळ्यात मोठा नंबर ४३ आहे. या रविवारी चर्चमध्ये जाऊन विचारतो, बाकीच्या बत्तीस कुठे गेल्या ते कुणाला माहीत आहे का. तोपर्यंत या अकरा वेगळ्या खोक्यात ठेवल्यात, तिच्या नंबरांच्या क्रमानं.